रेड प्यायले आणि तोंड तुरट झालं, आता सुरुवात कुठून करू?

पत्र: "ताई, आमच्या ग्रुपमध्ये हल्ली सगळे वाईनबद्दल बोलतात, ही ड्राय आहे, हिची बॉडी छान आहे, ही ओकी आहे, आणि मी नुसती मान हलवते. आजवर एकदाच रेड वाईन घेतली, तोंड इतकं तुरट झालं की ग्लास तसाच ठेवला. मला जमणारच नाही का हे? मुख्य प्रकार कोणते, सुरुवात कशाने करू, वेगवेगळे ग्लास लागतात का? हॉटेलात वेटर थोडीशी ओतून माझ्याकडे बघत उभा राहतो तेव्हा नक्की काय करायचं असतं? रेड वाईन हार्टला चांगली असते हे खरं का? आणि पुढच्या महिन्यात मैत्रिणीकडे जेवायला जायचंय, तिथे कोणती बाटली नेऊ? – ग्लास धरून उभी"

अगं, आधी बस. ग्लास ठेव खाली.

तुझ्या जिभेत काही खोट नाहीये. तू एका ग्लासवर निकाल देऊन टाकलास आणि तोही बहुतेक सगळ्यात अवघड ग्लासवर. तुझ्या तोंडात जे झालं ते टॅनिनमुळे. द्राक्षाच्या सालात, बियांत, देठात ते असतं, आणि आपल्या लाळेत जी प्रथिनं असतात ना, ज्यांच्यामुळे तोंड आतून गुळगुळीत राहतं, त्यांना ते जाऊन चिकटतं, मग तो गुळगुळीतपणा गेला की जीभ टाळूला घासायला लागते आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. कोरा चहा पत्तीसकट खूप वेळ राहिला की जसा लागतो तसंच हे, तिथेही पॉलिफेनॉलांचाच, म्हणजे टॅनिनच्याच जातीच्या पदार्थांचा, खेळ असतो. बरेच लोक याला कडू म्हणून मोकळे होतात, पण कडू जिभेला लागतं आणि तुरटपणा अख्ख्या तोंडाला जाणवतो, तो चवीपेक्षा स्पर्शच जास्त आहे. तुला पहिल्याच घोटात तुरट आणि कडू वेगळं कळलं म्हणजे तू मान हलवणाऱ्यांच्या पुढे आहेस, खरंच सांगते.

आता प्रकार. ते पाठ करायला बसू नकोस, फार कंटाळवाणं होतं आणि लक्षातही राहत नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न धरून ठेव: सालं रसात किती वेळ होती, आणि साखर किती उरली. बाकी जवळजवळ सगळं या दोनातून निघतं.

द्राक्ष काळं असो नाहीतर हिरवं, आतला रस बहुतेक सगळ्या जातींचा फिकाच असतो (काही मोजक्या जाती आतूनही लाल असतात, त्या सोड). रंग सालात असतो, टॅनिनही बरंचसं तिथेच. आणि साखरेचं काम यीस्टकडे. यीस्ट रसातली साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनतो, सगळी साखर खाऊन संपवली की जी उरते ती ड्राय वाईन. बस, ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढंच. तोंड कोरडं पडण्याशी त्याचा काही संबंध नाही, तरी तुझ्या ग्रुपमधला कोणीतरी तुरट वाईनला ड्राय म्हणत असणारच, म्हणू दे. अजून एक ठिकाणी सगळे फसतात, वाईनला पीच, लिची, स्ट्रॉबेरीचा वास आला की आपण आपोआप गोड समजतो, पण वास फळाचा आणि साखर शून्य असं अगदी सर्रास असतं, नाक काहीतरी सांगत असतं आणि जीभ वेगळंच. खात्री करायची तर घोट घेताना नाक दाबून बघ. घरी कर हे, हॉटेलात नको.

व्हाइट वाईनमध्ये द्राक्षं चिरडून लगेच दाबतात, सालं बाजूला आणि नुसता रस आंबवतात. म्हणून टॅनिन जवळजवळ नाही. तिथे सगळा कारभार आंबटपणाचा, आणि आंबटपणाने लाळ सुटते, टॅनिनच्या अगदी उलट. म्हणजे ज्या माणसाला रेडचा तुरटपणा झेपला नाही त्याने व्हाइटकडून यावं हे साधं गणित आहे, पण लोक काय करतात, "वाईन म्हणजे रेड" असं डोक्यात असतं म्हणून तिथूनच घुसतात आणि मग तुझ्यासारखं होतं.

व्हाइटमधली तीन नावं माहीत असू देत, सुरुवातीला पुरेशी आहेत. सोव्हिन्यॉन ब्लां, हिरवा ताजा वास, कापलेल्या गवतासारखा, ग्रेपफ्रूटसारखा, चव चटकन आंबट, फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली असते आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोमधली असते, मार्लबरोवाली इतकी मोठ्याने बोलते की डोळे मिटून ओळखशील. दुसरी शार्दोने, हे द्राक्ष स्वतः फार काही बोलत नाही, बनवणारा जे करेल तशी होते. फ्रान्सच्या शाब्ली भागातली शार्दोने बहुतेक वेळा ओकचा फारसा वास नसलेली, एकदम धारदार असते, आणि तीच शार्दोने नव्या ओकच्या लाकडी पिंपात ठेवली की व्हॅनिला, टोस्ट असे वास येतात, तुझा ग्रुप "ओकी" म्हणतो ते हे. वर कधी कधी बटरसारखा वासही येतो, तो मात्र लाकडाचा नाही. वाईनमधलं मॅलिक अ‍ॅसिड, जे हिरव्या सफरचंदात असतं, त्याचं बॅक्टेरिया लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, जे दह्यात असतं, आणि त्या भानगडीत डायअ‍ॅसिटाइल नावाचं एक बाय-प्रॉडक्ट तयार होतं, बटरला वास येतो तो त्याचाच. तिसरी रिझलिंग, आणि ही माझी लाडकी आहे म्हणून जरा पक्षपात होणार. रिझलिंग कडकडीत ड्रायपासून मधासारखी गोड अशी सगळ्या टप्प्यांवर मिळते, आंबटपणा भरपूर असल्यामुळे गोड असली तरी चिकट लागत नाही, आणि जर्मनीच्या मोझेल भागातल्या थोड्या गोडसर रिझलिंगमध्ये अल्कोहोल ८-९ टक्केच असतं (एरवी वाईन साधारण ११ ते १५ टक्के). लेबलवर "ट्रोकन" लिहिलं असेल तर ती ड्राय.

रेडमध्ये सालं रसातच ठेवून आंबवतात, काही दिवस ते काही आठवडे. आंबताना गॅस वर येतो आणि सालं वर ढकलतो, त्यांचा जाड थर तरंगायला लागतो, तो मग दांड्याने खाली दाबत राहायचा नाहीतर खालचा रस पंपाने वरून सोडायचा, जेवढं हे करतील तेवढा रंग आणि टॅनिन रसात उतरतं. त्यामुळे कोणतं द्राक्ष आणि त्याचं साल किती जाड हे रेडमध्ये फार महत्त्वाचं. कॅबर्ने सोव्हिन्यॉनची द्राक्षं बारीक, साल जाड, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून तुरटपणा दणकून. मला वाटतं तुझ्या ग्लासात हीच असणार, जगात सगळ्यात जास्त लागवड असलेल्या वाईनच्या द्राक्षांपैकी आहे ही. गंमत म्हणजे १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून कळलं की कॅबर्ने सोव्हिन्यॉन हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यॉन ब्लां यांचं पोर आहे, म्हणजे या सगळ्यात तुरट बाईची आई किंवा बाप एक व्हाइट द्राक्ष! दुसऱ्या टोकाला पिनो न्वार, साल पातळ, रंग फिका, टॅनिन हलकं, चेरीसारखा वास, फ्रान्सच्या बर्गंडीची ही मुख्य रेड. मधे मर्लो, मऊ, गुबगुबीत. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष, फ्रान्समध्ये सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ, मिरीसारखा वास येतो. माल्बेक मूळची फ्रान्सची पण नाव काढलं अर्जेंटिनात जाऊन. आणि गामे, हे लक्षात ठेव, फ्रान्सच्या बोजोले भागात गामेचे अख्खे घड न चिरडता बंद टाकीत ठेवतात, त्यामुळे आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते आणि रंग येतो पण टॅनिन फारसं उतरत नाही. तुझ्यासाठीच केलेली रेड आहे असं समज.

रोझे म्हणजे काळी द्राक्षं पण सालं रसात थोडेच तास, रंग गुलाबी आला की काढून टाकली. गुलाबी दिसते म्हणून गोड असेल असं नाही, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसच्या रोझे बहुतेक ड्रायच असतात. उलटा प्रकार म्हणजे ऑरेंज वाईन, हिरवी द्राक्षं पण रेडसारखी सालांसकट आंबवलेली, संत्र्याशी काही संबंध नाही, नुसता रंग तसा. जॉर्जिया देशात जमिनीत पुरलेल्या क्वेव्हरी नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात ही फार जुन्या काळापासून करतात, तिथल्या मातीच्या भांड्यांत सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या वाईनच्या खुणा सापडल्यात, आणि युनेस्कोने २०१३ साली ही पद्धत सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. चव विचित्र असते, तुरट असते, तू इतक्यात जाऊ नकोस तिकडे.

बुडबुड्यांच्या वाईन, म्हणजे स्पार्कलिंग. यीस्टने केलेला गॅस उडून जाऊ न देता कोंडून ठेवला की झाली. शॅम्पेनमध्ये काय करतात, आधी साधी वाईन बनवायची, बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावायचं, मग ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, आतलं प्रेशर ५-६ अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातं. त्यामुळे बूच उडवायचं नाही बाई, लोकांचे डोळे गेलेत. तार सोडल्यापासून अंगठा बुचावरच ठेवायचा, बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची, फुस्स असा बारीक आवाज आला पाहिजे. शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या वाईनचंच, आणि ती दॉम पेरिन्यॉन नावाच्या साधूने शोधली ही गोष्ट छान असली तरी खरी नाही, वाईनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करतात हे ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून दिलं होतं, दॉम पेरिन्यॉन मठातल्या वाईनचं काम बघायला लागायच्या आधी. स्पेनची काव्हा पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. इटलीची प्रोसेको सहसा मोठ्या टाकीत, म्हणून ती फळाफळांची, हलकीफुलकी लागते आणि शॅम्पेनमध्ये जो ब्रेडसारखा वास येतो तो तिच्यात नसतो, तो वास मेलेल्या यीस्टबरोबर बाटलीत महिनोन् महिने पडून राहिल्याने येतो. वाचायला कसंतरी वाटतं, प्यायला मस्त लागतं.

स्पार्कलिंगच्या लेबलवर एक भलताच घोळ आहे तो लिहून ठेव. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि "एक्स्ट्रा ड्राय" म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. हो, एक्स्ट्रा ड्राय ब्रूटपेक्षा गोड. नुसतं "ड्राय" किंवा "सेक" लिहिलं असेल तर अजून गोड, १७ ते ३२. कोणी ठेवली ही नावं देव जाणे.

उरल्या त्या गोड आणि कडक. पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आंबणं अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाची कडक स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, न खाल्लेली साखर तशीच राहते, म्हणून गोडही आणि साधारण २० टक्के अल्कोहोलही. जरा जपून, गोड असल्यामुळे कळत नाही. स्पेनच्या हेरेसची शेरी याच्या उलट, आंबणं संपल्यावर स्पिरिट घालतात म्हणून बहुतेक शेरी ड्राय असतात, फिनो नावाची शेरी तर एकदम खारट-कोरडी. आणि खरोखर गोड हव्यात तर फ्रान्सची सोटर्न, हंगेरीची तोकाय, या दोन्हीत द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येऊ देतात, बुरशी सालाला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि साखर दाट होते. आइस वाईन कॅनडा-जर्मनीत, द्राक्षं वेलीवरच गोठू देतात आणि गोठलेलीच दाबतात, बर्फ मागे राहतो, गोड रस तेवढा बाहेर येतो. या वाईन छोट्या ग्लासात, जेवणाच्या शेवटी.

आता तू सुरुवात कशाने कर. मला विचारशील तर दोन वाटा आहेत आणि कोणती तुझी ते तुझं तुला कळेल. गोड आवडत असेल तर इटलीच्या मोस्काटो दास्तीपासून, गोडसर, किंचित बुडबुडे, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, आवडली नाही असं म्हणणारं माणूस मी अजून बघितलं नाही, आणि तिथून थोड्या गोड रिझलिंगवर, मग ड्राय रिझलिंगवर. गोड फारसं आवडत नसेल, आंबट चालत असेल, तर सरळ सोव्हिन्यॉन ब्लां नाहीतर ब्रूट स्पार्कलिंग. रेडकडे यायचं ते बोजोले, मग पिनो न्वार, मग मर्लो, अशा पायऱ्यांनी, आणि कॅबर्नेकडे परत जाशील तेव्हा रिकाम्या तोंडी पिऊ नकोस, जुनं कडक चीज किंवा मांस असं काही सोबत घे, कारण टॅनिन त्या प्रथिनांना आणि चरबीला जाऊन लागतं, तुझ्या लाळेला सोडतं, तीच वाईन एकदम मऊ लागते. हे स्वतः करून बघ, एक घोट नुसता, एक चीज खाऊन, विश्वास बसणार नाही. तिखट जेवणाबरोबर मात्र कॅबर्ने घेऊ नकोस, अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, तिथे थोडी गोड रिझलिंगच कामाची. तळलेलं, तुपकट असेल तर आंबट व्हाइट किंवा स्पार्कलिंग. आणि गोड पदार्थाबरोबर वाईन पदार्थाइतकी तरी गोड पाहिजे, नाहीतर चांगली ड्राय वाईनही केकनंतर नुसतं आंबट पाणी वाटते.

शिकायचा सगळ्यात भारी मार्ग म्हणजे दोन वेगळ्या वाईन शेजारी शेजारी ठेवून दोन-दोन घोट घेणं. एकटी वाईन प्यायली तर "बरी आहे" यापलीकडे बोलता येत नाही, शेजारी दुसरी आली की लगेच तोंड फुटतं, ही जास्त आंबट, हिला वास जास्त, ही जड. जड म्हणजे तुमची ती "बॉडी", तोंडात पातळ वाटते का दाट, त्यात मोठा वाटा अल्कोहोलचा आणि साखरेचा. ग्लास थोडा गोल फिरव, नाक घाल, घोट तोंडभर फिरव, गिळल्यावर चव किती वेळ राहते ते बघ. ग्लासच्या कडेने ओघळ उतरतात ते बघून कोणी "वा, काय लेग्ज आहेत" म्हणालं तर हसून सोडून दे, अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं त्यामुळे होतं ते, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

आणि ग्रुपच्या भाषेला घाबरायचं कारण नाही. २००१ साली बोर्दोमधल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला, वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन करताना रेड वाईनचे शब्द वापरले. शिकणाऱ्यांचं हे, तर तुझ्या ग्रुपचं काय घेऊन बसलीस. म्हणजे वाईनमध्ये काही नसतंच असं मी म्हणत नाहीये हां, असतं, पण डोळे, लेबल, शेजाऱ्याचा आत्मविश्वास हे सगळं जिभेच्या आधी बोलतं, म्हणून आधी चाख आणि मग लेबल वाच.

लेबल वाचताना एवढंच, युरोपातल्या जुन्या भागांत बरेचदा गावाचं किंवा भागाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं, शाब्ली म्हणजे शार्दोने, सॉन्सेरची व्हाइट म्हणजे सोव्हिन्यॉन ब्लां, किआंती म्हणजे मुख्यतः सांजोवेझे, रिओहाची रेड म्हणजे मुख्यतः टेंप्रानियो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चिली वगैरे सरळ द्राक्षाचं नाव लिहितात. वर जे साल छापलेलं असतं ते द्राक्षं तोडल्याचं. आणि जितकी जुनी तितकी चांगली हे बहुतेक बाटल्यांना लागू नाही, बऱ्याचशा वाईन एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात, कपाटात जपून ठेवलीस तर चव जाते.

वेटरचं. तो थोडी ओततो ती तुला आवडली का हे विचारायला नाही, बाटली खराब नाही ना हे तपासायला. त्यामुळे लांब विचार करायचा नाही, आधी बाटली दाखवतो तेव्हा नाव आणि साल मागवलेलंच आहे का बघ, मग एकदा वास घे, एक घोट, "ठीक आहे" म्हण, झालं. खराब म्हणजे काय, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास, हा बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनामुळे येतो, किंवा व्हिनेगरसारखा झणका. असं असेल तर निःसंकोच परत कर. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा बुचाचा त्रास जवळजवळ नाही, म्हणून झाकण आहे म्हणजे हलक्या दर्जाची वाईन असं समजू नकोस, ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीत चांगले चांगले रिझलिंगवाले २००० साली ठरवून फिरकीच्या झाकणाकडे वळले.

ग्लास एकच पुरे, दांडीचा, वर जरा निमुळता, तिसरा हिस्सा भरायचा म्हणजे वासाला जागा राहते. ग्लासपेक्षा तापमानाकडे बघ. "रेड रूम टेंपरेचरला" हे थंड घरांसाठी होतं, १६-१८ डिग्रीच्या वर गेली की नाकात अल्कोहोलच झोंबतं, म्हणून गरम दिवसांत रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. बोजोले त्याहून थोडी गार. व्हाइट ८ ते १२, स्पार्कलिंग ६ ते ८, पण व्हाइट अगदी बर्फासारखी केली की वासच येत नाही, (वाईट वाईन लपवायची असेल तर उत्तम युक्ती).

शाकाहारी असशील किंवा मैत्रीण असेल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातली आइसिंग्लास वापरतात, ते गाळासोबत निघून जातं पण वापरलेलं असतं. बेंटोनाइट मातीनेही हेच काम होतं. चालणार नसेल तर लेबलवर व्हेगन लिहिलेली घे.

हार्टचं खरं सांगू? १९९१ साली अमेरिकन टीव्हीवर फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खाऊनही हार्टचे पेशंट कमी कसे, यावर कार्यक्रम झाला, रेड वाईनला श्रेय मिळालं आणि ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण फ्रेंच लोकांचं बाकीचं जेवण, राहणी सगळंच वेगळं, त्यातून वाईनचा एकटीचा गुण काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं आरोग्याला सुरक्षित असं प्रमाण नाही, आणि कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात अल्कोहोल १९८८ पासूनच आहे. वाईन आवडते म्हणून प्यायची, औषध म्हणून नाही, तुझ्या डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या असतील तर आधी विचार, प्रेग्नंट असशील तर नाहीच, आणि प्यायल्यावर गाडी चालवायची नाही. ७५० मिलीची १३ टक्क्यांची बाटली म्हणजे जवळजवळ १०० मिली शुद्ध अल्कोहोल, दोघींनी संपवली तर किती झालं बघ. एकेका ग्लासबरोबर तेवढंच पाणी पी. आणि रेड प्यायल्यावर डोकं दुखलं की लोक सल्फाइटला, म्हणजे वाईन टिकवायला जे घालतात त्याला, शिव्या देतात, पण युरोपात ड्राय रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि व्हाइटला २००ची, म्हणजे व्हाइटने दुखत नसेल तर बिचाऱ्या सल्फाइटवर संशय कशाला.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा, तीन-चार दिवस ठीक राहते. स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा ठेवला की गॅस टिकतो ही अफवा आहे, घट्ट बसणारा स्टॉपर घे नाहीतर दुसऱ्या दिवशीपर्यंत संपव.

आणि मैत्रिणीकडे ब्रूट काव्हा ने. तिच्याकडे काय शिजणार हे तुला माहीत नाही, आणि ब्रूट तळलेल्याबरोबर, माशाबरोबर, चीजबरोबर, नुसत्या गप्पांबरोबर, सगळ्याबरोबर जाते, शिवाय टॅनिन नाही म्हणजे तुलाही पिता येईल. फक्त जेवणाबरोबर उघडा, केकबरोबर नको. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेव, आयत्या वेळी फ्रीझरमध्ये कोंबून विसरू नकोस, बाटली फुटते. नेताना गाडीत हलली असेल तर उघडायच्या आधी तासभर शांत उभी राहू दे, आणि मैत्रिणीने ती बाजूला ठेवून दुसरी उघडली तर वाईट वाटून घेऊ नकोस, भेट दिलेली बाटली त्याच दिवशी उघडलीच पाहिजे असं काही नसतं.